साप्ताहिक मुदतीला लगाम हवा

मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग, दोन्ही नरडाण्याला लागून जातात. शेजारी औद्योगिक वसाहत आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या अशा गावात शेअर दलालाच्या पेढीची आता गरज उरलेली नाही. पाळी संपवून टपरीवर चहा घेणाऱ्या पोराच्या मोबाइलमध्ये ती पेढी आहे. आधार-पॅनवर डिमॅट खातं घरबसल्या उघडतं. फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी उत्पन्नाचा एखादा पुरावा जोडावा लागतो, पण पुढे तो किती रकमेचे सौदे करतो याचा त्या पुराव्याशी फारसा संबंध राहत नाही.

बाजार नियामक सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये याचा हिशेब मांडला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत हे सौदे करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक आणि माणशी सरासरी दोन लाखांच्या घरात. हे सौदे करणाऱ्यांपैकी 72 टक्के लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. तीन-चतुर्थांश लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे हा तोटा दलाल स्ट्रीटवरचा नाही, तो नरडाणा, दोंडाईचा, अमळनेरसारख्या गावांतला आहे. पुढच्या वर्षी, 2024-25 मध्ये, 91 टक्के लोक तोट्यात आणि एकूण तोटा 1,05,603 कोटी.

पैसे जातात कसे, हे एका सौद्यात कळतं. निफ्टी निर्देशांकाच्या ऑप्शन्सची साप्ताहिक मुदत सध्या मंगळवारी दुपारी साडेतीनला संपते. समजा त्या सकाळी निफ्टी आहे त्याहून दीडशे अंश वरचा कॉल, म्हणजे तेजीचा ऑप्शन, 20 रुपयांना मिळतोय. लॉट 75 चा धरला तर 1500 रुपये. पोराचा अंदाज आहे, बाजार वर जाणार. तो खरंच शंभर अंश वर जातो. अंदाज बरोबर ठरतो आणि तरीही साडेतीनला 1500 रुपये पूर्ण बुडालेले असतात, कारण नुसतं मुद्दल परत यायलाच निफ्टी 170 अंश चढायला हवा होता, तोही घड्याळ लावून. पुढच्या मंगळवारी तो तोटा भरून काढायला पुन्हा बसतो. तोट्यात गेलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले, हेही सेबीच्याच पाहणीत आहे.

आता दुसरी बाजू पाहा. व्यावसायिक व्यवस्थापकाकडून पोर्टफोलिओ सांभाळून घ्यायचा तर किमान 50 लाख लागतात, पर्यायी गुंतवणूक निधीला एक कोटी, 2025 पासून आलेल्या विशेष निधींना 10 लाख. कारण हेच दिलं जातं, की जोखीम समजणाऱ्यानेच आत यावं. आणि सगळ्यांत अवघड, सगळ्यांत झटपट आटणारा माल मात्र 1500 रुपयांत कोणालाही. ही उतरंड उलटी आहे.

मग सरळ बंदी घालावी का? कापसाच्या बाजारानेच या प्रश्नाचं उत्तर एकदा दिलंय. मुंबईच्या कापूस बाजारात तेजी-मंदीचे सौदे, म्हणजे आजचे कॉल-पुट, जुने. 1952 च्या वायदे नियमन कायद्याने ते बेकायदा ठरवले आणि मालाच्या ऑप्शन्सवरची ती बंदी 2017 पर्यंत टिकली. पण न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-बंद दरांवर मुंबईत आकडा लावला जात होताच. 1960 च्या दशकात ते दर येणं थांबलं, तर लोकांनी मटक्यातून चिठ्ठी काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. खेळ चालूच राहिला, फक्त हिशेब मागण्याची सोय गेली.

लोकांना साध्या ठेवींकडे वळवावं म्हटलं, तर जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेट पतसंस्था अजून कोणी विसरलेलं नाही. तिथे काहीच गुंतागुंतीचं नव्हतं, साधी मुदत ठेव आणि पावती. अनेक राज्यांत शाखा असल्याने देखरेख दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे, आणि ठेवीदार इथल्या गावांतले. ठेवी अडकल्या, 2015 मध्ये अवसायक आला, 2020 मध्ये पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले. ठेवीदारांच्या पावत्या पडत्या भावात घेऊन कर्जं वळती केल्याचा आरोप त्या प्रकरणात आहे. साधा माल म्हणून तो सुरक्षित, असं आमच्या भागात कोणी म्हणू शकत नाही. शेअर बाजाराचं दार बंद केलं तर ही पोरं घरी बसणार नाहीत. एक्स्चेंजबाहेर बेकायदा सौदे घेणारा डब्बा ट्रेडिंगवाला आणि दामदुप्पटवाला त्यांची वाटच बघतोय.

म्हणून माझं म्हणणं असं, की निर्बंध हवा, पण माणसावर नको. मालाच्या घडणीवर आणि तो विकणाऱ्यावर हवा. सेबीने नोव्हेंबर 2024 पासून कराराचं किमान मूल्य 15 लाखांवर नेलं, त्यामुळे निफ्टीचा लॉट 25 चा 75 झाला आणि साप्ताहिक मुदत एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरती ठेवली. दुसरा निर्णय योग्य. पहिल्याने मात्र ऑप्शन घेणारा थांबला नाही. 500 रुपयांऐवजी तो 1500 लावू लागला, इतकंच. साप्ताहिक मुदत पूर्ण जायला हवी. जिनिंगवाल्याला कापसाच्या दराचं संरक्षण हवं असतं ते हंगामाचं, महिन्याचं. निर्देशांकाच्या गुंतवणूकदारालाही दर मंगळवारी विम्याचं काम पडत नाही. ही मुदत उलाढाल वाढवते, आणि उलाढालीवर एक्स्चेंज आणि दलाल जगतात, म्हणून तिला हात लावणं जड जातंय.

दलालांना जुलै 2023 पासून ‘दहापैकी नऊ जण तोट्यात’ अशी सूचना दाखवावी लागते. ती पोरं न वाचता बाजूला सारतात, कारण प्रत्येकाला वाटतं आपण दहावे. युरोपात 2018 पासून अशाच जोखमीच्या करारांसाठी प्रत्येक कंपनीला स्वतःच्या ग्राहकांपैकी किती टक्के बुडाले हा आकडा छापावा लागतो. आपल्याकडे एक पाऊल पुढे जाता येईल: सौद्याचं बटण दाबण्याआधी त्या खातेदाराचा स्वतःचा वर्षभराचा निव्वळ तोटा, दलाली आणि करांसकट, पडद्यावर यावा. मराठीत यावा. आणि तो तोटा त्याने सांगितलेल्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे गेला, तर त्या आर्थिक वर्षापुरतं ऑप्शनचं खातं थांबावं; शेअर, म्युच्युअल फंड सगळं चालू राहू दे. त्याच्या उत्पन्नाचा पुरावा दलालाकडे पहिल्या दिवसापासून आहे. तो आता वापरायला लावणं सेबीच्या हातात आहे.