आपत्कालीन औषधोपचारास विधिसंरक्षण

प्राणसंकटात सापडलेल्या व्यक्तीस सद्‌भावपूर्वक औषध देणाऱ्याला, त्यातून उद्‌भवलेल्या अनिष्ट परिणामांच्या दायित्वापासून कायद्याने मिळणारी मुक्तता. महाविद्यालयांच्या आवारात कोणास ॲलर्जीचा तीव्र झटका आल्यास हा प्रश्न विशेषत्वाने उपस्थित होतो. शेंगदाणे, मधमाशीचा दंश, पेनिसिलीन इत्यादींमुळे येणाऱ्या या झटक्यात श्वसनमार्ग सुजतो, रक्तदाब घसरतो व काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत तत्काळ दिलेले ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन हा त्यावरील मुख्य उपचार होय. प्रौढास सामान्यतः ०·५ मिग्रॅ. मात्रा देतात. भारतात ते बहुधा काचेच्या कुपीतून सिरिंजमध्ये ओढून घ्यावे लागते. त्यामुळे देणाऱ्यास सराव आवश्यक असतो.

भारतात या विषयावर स्वतंत्र केंद्रीय अधिनियम नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ हिच्या कलम ३० नुसार (पूर्वीच्या दंड संहितेचे कलम ९२) संमती देण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीच्या हितासाठी, तिच्या पालकाची संमती वेळेत मिळणे शक्य नसताना, सद्‌भावपूर्वक केलेली कृती काही मर्यादांत अपराध ठरत नाही. तथापि योग्य दक्षता व अवधान यांशिवाय केलेली कृती कायद्याच्या दृष्टीने सद्‌भावपूर्वक नसते. नुकसानभरपाईच्या दाव्यातही वाजवी दक्षता हीच कसोटी लावली जाते.

याहून व्यापक संरक्षण मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ मध्ये आहे. मोटार अपघातातील जखमीस स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न धरता साहाय्य करणारा, त्याच्या हातून हयगय घडली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाईस पात्र होत नाही. मात्र हे संरक्षण मोटार अपघातापुरतेच आहे. नागपूरच्या अमरावती मार्गावर वाहनाची धडक बसलेल्या विद्यार्थ्यास मदत करणाऱ्याला ते लाभते. त्याच मार्गावरील विद्यापीठाच्या परिसरात मधमाशीच्या दंशाने कोसळलेल्या विद्यार्थ्यास इंजेक्शन देणाऱ्याला लाभत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१३ च्या संघीय कायद्याने, शाळांत ॲड्रेनॅलीन ठेवण्याची सक्ती करून ते देणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना दिवाणी दायित्वापासून संरक्षण देणाऱ्या राज्यांस अनुदानात अग्रक्रम दिला. भारतातही लसीकरणानंतर असा झटका आल्यास साहाय्यकारी परिचारिकेस ॲड्रेनॅलीनची एक मात्रा देण्याची मुभा आहे. महाविद्यालयांसाठी अशी तरतूद नसल्याने ॲलर्जीग्रस्त विद्यार्थ्यांची नोंद, त्यांच्या वैद्याच्या लेखी सूचना, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस त्वरित पाचारण या गोष्टींना दुहेरी महत्त्व येते : त्यांमुळे रुग्णाचे प्राण वाचण्याची शक्यता वाढते आणि औषध देणाऱ्याने दक्षता घेतल्याचा पुरावाही उपलब्ध होतो.