घाटाआधीची दहा मिनिटं: गाडीचं कूलंट कसं तपासायचं?

ऐकताना ज्यांचे आकडे निसटले, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून ठेवतोय. सुट्ट्या लागल्या की मुलुंडमधून निम्म्या गाड्या नाशिककडे नाहीतर पुण्याकडे निघतात. कसारा असो की खंडाळा, घाट काही चुकत नाही. आणि घाटात बॉनेट उघडून, वाफेकडे बघत उभी असलेली कुटुंबं तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्या बऱ्याच जणांची सुट्टी घरच्या पार्किंगमध्येच वाचली असती.

आधी गणित समजून घेऊ. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, त्यातली जेमतेम एक तृतीयांश गाडी ओढायच्या कामी येते. बाकीची उष्णता. काही सायलेन्सरमधून जाते, काही इंजिनाच्या धातूत शिरते. ही दुसरी उष्णता कूलंट उचलतं, पंप त्याला रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथे हवा ती घेऊन जाते. मधे थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद असते आणि साधारण ८२ ते ९० अंशांना उघडायला लागते.

घाटात काय होतं? गिअर खालचा, इंजिनावर भार जास्त, वेग कमी, म्हणजे समोरून येणारी हवाही कमी. वर एसी चालू. एसीचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळते तीच मुळी तापलेली हवा.

मग नुसतं पाणी का नको? पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं. आणि झाकणामुळे आत दाब तयार होतो, त्यामुळे हाच आकडा १२५च्या आसपास जातो. म्हणजे झाकण हासुद्धा यंत्रणेचा एक भाग आहे. त्याचं रबर फाटलं की चांगलं कूलंटही लवकर उकळतं. शिवाय कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, ती साध्या पाण्यात नसतात. बोअरवेलचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

आता तपासणी. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागी असताना. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं.

१. पातळी. टाकीवर मिनिमम आणि मॅक्सिममच्या खुणा असतात. पातळी त्या दोघींच्या मधे हवी. एकदा भरल्यावर महिन्याभरात पुन्हा खाली गेली, तर कूलंट कुठेतरी जातंय. नुसतं भरत राहू नका, गळती शोधा.

२. रंग. हिरवा, गुलाबी, निळा यांपैकी कोणताही चालतो. पण रंगावरून प्रकार ठरत नाही. दोन कंपन्यांच्या गुलाबी कूलंटची रसायनं वेगळी असू शकतात आणि न जुळणारी मिसळली तर गाळ होऊ शकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या. तपकिरी रंग म्हणजे गंज. वर तेलकट तवंग असेल तर गाडी थेट मेकॅनिककडे.

३. डबा वाचा. काही कूलंट तयार मिश्रण असतं, काही कॉन्सन्ट्रेट. कॉन्सन्ट्रेटमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते.

४. होज पाइप. दाबून बघा. चिरा, फुगवटा, क्लॅम्पजवळ पांढरे-हिरवे डाग, हे सगळे गळतीचे पुरावे.

५. पंखा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर गाडी उभी ठेवून इंजिन तापू द्या. पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. हात लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो फिरतो.

जुनी गाडी घेताना हे जास्तच उपयोगी पडतं. गेल्या महिन्यात मित्राबरोबर एक गाडी बघायला गेलो होतो. पॉलिश चकाचक, म्युझिक सिस्टिम नवी. टाकीत मात्र चहाच्या रंगाचं पाणी, आणि तेलाच्या झाकणाच्या आतून दुधाळ साय. थोडी साय नुसत्या दमटपणानेही धरते, पण दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की हेड गॅस्केटवर संशय घ्यायलाच हवा. मालकाला म्हटलं, आमच्या मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घेऊ. तो तयार होईना. मित्राने टोकन दिलं नाही.

आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर टाकी म्हणजे लॉग फाइल, आणि डॅशबोर्डचा लाल दिवा म्हणजे सर्व्हर पडल्यावर आलेला मेसेज. त्यात आणखी एक गोम आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच गळून गेलं तर काटा चुकीचं तापमान दाखवू शकतो. म्हणून काट्यावर विसंबून टाकीकडे दुर्लक्ष नको.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाईल. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तासभर तरी थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. पूर्ण निवल्यावर, अडचणीपुरतं पिण्याचं पाणी घालून जवळचं गॅरेज गाठायला हरकत नाही. नंतर मात्र ते काढून योग्य मिश्रण भरून घ्या.

शेवटचं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. पार्किंगमध्ये सांडलं तर लगेच पुसून धुऊन काढा, सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही जीव जाऊ शकतो. जुनं कूलंट गटारात न ओतता गॅरेजमध्येच द्या.

उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी बॉनेट उघडा आणि टाकीचा एक फोटो काढून ठेवा. महिन्याने पुन्हा एक काढा. दोन फोटोंत पातळी कुठे आहे ते बघा आणि फरक दिसला तर मला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये ब्रेक फ्लुइड. भेटूया!