ठोकळ्यांतलं बांधकाम (भाग 5): कैलास कुठे कापायचा?

गेल्या आठवड्यात आपण त्रिमितीय मॉडेलचं ठोकळ्यांत रूपांतर केलं. आता ती फाइल मायनक्राफ्टमध्ये घातली की पुष्कळदा निम्मंच देऊळ उमटतं. मॉडेल चांगलं असतं. एका घासात गिळण्याजोगं नसतं, इतकंच.

वेरूळचं कैलास लेणं घेऊ. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या 1880च्या ग्रंथात त्याचं अंगण 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागचा कडा 107 फूट उंच दिला आहे. म्हणजे ढोबळमानाने 84, 47 आणि 33 मीटर. मीटरला एक ठोकळा धरला, तर सगळी जागा 1,30,284 ठोकळ्यांची. पण या मापात जोत्यावरचे हत्ती ओळखूही येणार नाहीत, म्हणून हात अर्ध्या मीटरकडे वळतो. लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली की ठोकळे आठपट होतात: 10,42,272!

संगणकावरच्या जावा आवृत्तीत बांधकाम साठवून पुन्हा उमटवणारा ‘स्ट्रक्चर ब्लॉक’ कोणत्याही बाजूला 48 ठोकळ्यांपुढे जात नाही. मीटरच्या मापात कैलासाचे दोनच तुकडे पडतात. रुंदी एका ठोकळ्याने वाचते. अर्ध्या मीटरला मात्र लांबीत 4, रुंदीत 2, उंचीत 2, असे 16. आपल्या उमरखेडात मुलं खेळतात ती बहुधा मोबाइलवर. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत एका फंक्शन फाइलमधून 10,000पर्यंतच आज्ञा चालतात, आणि काही रूपांतरक तर दर ठोकळ्याला एक आज्ञा लिहितात.

म्हणून माझं मत असं, की कापण्याआधी जोडावं. एकाच जातीचे सलग ठोकळे ‘फिल’च्या एका आज्ञेत बसतात, 32,768पर्यंत. मागचा सपाट कडा मूठभर ओळींत उरकतो. शिवाय खडकाचं पोट भरायची गरज काय? तिथे कोण डोकावणार आहे! एवढं केल्यावर उरतं ते खरं कोरीवकाम, आणि कात्री फक्त त्याच्यासाठी लागते.

कात्री चालवायची ती चंकच्या रेषेवर. हा खेळ आपलं जग 16 बाय 16च्या चंकांत ठेवतो आणि खेळाडूपासून दूरचे चंक मिटून टाकतो. मिटलेल्या चंकात ठोकळा पडत नाही. अर्धवट देवळाचं एक कारण हेच. बेडरॉकमध्ये ‘टिकिंग एरिया’ नेमून चंक जागे ठेवता येतात. असे 10 भाग नेमता येतात, प्रत्येकात जास्तीत जास्त 100 चंक. कोपरा चंकच्या कोपऱ्यावर बसवला, तर मीटरच्या मापातल्या कैलासाला 18 चंक पुरतात.

तुकड्यांचे निर्देशक जगाच्या मूळ बिंदूपासून लिहावेत. खेळाडूच्या पायापासून मोजले आणि तो मध्येच एक पाऊल सरकला, की सांधा तिथेच चुकतो. तुकडे खालून वर बसवावेत, नाहीतर आधार नसलेली वाळू ढासळते.

आता आपल्याकडचं. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बांधायची हौस कुणालाही वाटेल. पण फुकट मिळणारा उंचीचा उपग्रहनकाशा साधारण 30 मीटरला एक आकडा देतो. नदीची उडी त्यात नुसता उतार होऊन जाते, मग फाइलचे शंभर तुकडे करा. तिथे आधी धबधबा हाताने रचावा लागेल.