ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरताय? उठण्याआधी एवढं नक्की करा

भरतीची जाहिरात निघाली किंवा स्कॉलरशिपची शेवटची तारीख जवळ आली, की तालुक्याच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरसमोर नंबर लागतात. मोबाईल आता घरोघरी आहे. पण लांबलचक फॉर्म भरणं, फोटो आणि सही सांगितलेल्या साईजमध्ये बसवणं, पीडीएफ अपलोड करणं ही कामं मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर जिकिरीची होतात. त्यामुळे जिथे ग्रंथालयात कॉम्प्युटर आणि इंटरनेटची सोय आहे, तिथे तिचा मोठा आधार वाटतो.

सोय चांगली आहे, वापरायलाच हवी. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या आधी त्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं असतं आणि तुमच्यानंतरही कोणीतरी बसणार असतं. एसटीतून उतरताना आपण सीटवर आणि वरच्या रॅकवर एकदा नजर टाकतो, काही राहिलं तर नाही ना म्हणून. इथेही तसंच करायचं. काय राहतं आणि ते कसं काढायचं, ते पाहू.

रजिस्टरमध्ये नाव का लिहायचं?

बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर बसण्याआधी नाव, गाव, वेळ लिहून सही करावी लागते, ओळखपत्रही दाखवावं लागतं. काहींना याचा राग येतो. पण त्यामागे कारण आहे. सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये नियम केले. ग्राहकाची ओळख पटवायची, कोण किती वाजता बसलं आणि उठलं याची नोंद ठेवायची, ती किमान एक वर्ष जपायची, असं त्यात आहे. ग्रंथालय हा काही धंदा नाही, पण नोंद ठेवण्यामागचा विचार तोच. त्या कॉम्प्युटरवरून कोणी धमकीचा मेल पाठवला किंवा कोणाची फसवणूक केली, तर त्या वेळेला तिथे कोण होतं ते कळायला हवं.

ही नोंद तुमच्याही फायद्याची आहे. तुम्ही ११ वाजता उठलात आणि साडेअकराला काही गडबड झाली, तर तुमची उठण्याची वेळच तुमच्या बाजूने बोलते. म्हणून येतानाची वेळ लिहिता तशी जातानाची वेळही न विसरता लिहा.

ओळखपत्र म्हणून आधारची झेरॉक्स मागितली, तर 'मास्क्ड आधार' चालेल का ते विचारा. त्यावर आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. नुसतं दाखवून काम होत असेल तर झेरॉक्स देऊ नका.

बसण्याआधी

वेळ, फी, प्रिंटचे दर, पेनड्राईव्ह चालतो की नाही, हे प्रत्येक ग्रंथालयात वेगळं असतं. भिंतीवरचा बोर्ड वाचा, नाहीतर ग्रंथपालांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

कागदपत्रं आधीच तयार ठेवा. ज्या नंबरवर ओटीपी येणार, तो फोन सोबत असू द्या. आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो आणि वडील असतात शेतात. मग फोन लावून ओटीपी विचारायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणत टाइप करायचा, हे नेहमीचं चित्र आहे. यात दोन तोटे. एक तर ओटीपी चारचौघांच्या कानावर जातो. दुसरं म्हणजे फोनवर कोणी ओटीपी मागितला की सांगून टाकायचा, ही सवय घरच्यांना लागते. उद्या फसवणारा फोन आला तरी ते तसंच सांगतील. त्या दिवसापुरता फोनच घेऊन जा.

बँकेचं काम तिथे नको

ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर नेट बँकिंग उघडू नका, डेबिट कार्डाचा नंबर टाकू नका. तुम्ही कोणती बटणं दाबता ते गुपचूप नोंदवणारे प्रोग्रॅम असतात. असा प्रोग्रॅम आधीच कोणी टाकून ठेवला असेल, तर ते ना तुम्हाला दिसणार, ना ग्रंथपालांना.

मग परीक्षेची फी कशी भरायची? फॉर्म कॉम्प्युटरवर भरा. पैसे भरताना स्क्रीनवर क्यूआर कोड आला, तर तो आपल्या मोबाईलने स्कॅन करून यूपीआयने भरा. पिन आपल्याच फोनवर टाकला जातो. क्यूआरची सोय नसेल, तर फॉर्म सेव्ह करून ठेवा आणि नंतर मोबाईलवरून त्याच साईटवर लॉगिन करून फी भरा.

साईटचा पत्ताही बघून घ्या. सरकारी साईटच्या पत्त्याचा शेवट साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. गुगलवर वर दिसली ती पहिली लिंक सरकारीच असते असं नाही, ती जाहिरातही असू शकते. आणि पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साईट प्रामाणिक आहे असंही नाही. पाठवलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं.

कॉम्प्युटर काय काय लक्षात ठेवतो?

खरी अडचण इथे आहे. खिडकी बंद केली की काम संपलं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं.

*पासवर्ड:* लॉगिन करताना ब्राउझर विचारतो, पासवर्ड सेव्ह करू का? घाईत 'हो' दाबलं, की पुढच्या माणसाला तुमचं खातं आयतं उघडून मिळतं. इथे कायम 'नाही' म्हणा.

*जीमेल:* लॉगआउट न करता टॅब बंद केला, तर खातं उघडंच राहतं. पुढच्याने जीमेल उघडलं की थेट तुमचा इनबॉक्स दिसतो. ज्याच्या हातात तुमचा मेल, त्याला इतर बऱ्याच खात्यांचे पासवर्डही बदलता येतात, कारण 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर लिंक मेलवरच येते.

*व्हॉट्सअ‍ॅप वेब:* सगळ्यात जास्त विसर याचाच पडतो. मोबाईलमधल्या कागदाची प्रिंट काढायची म्हणून व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात, प्रिंट निघते आणि माणूस निघून जातो. तुमचे सगळे मेसेज आणि घरचे फोटो तिथे उघडे राहतात. एवढंच नाही, तर तुमच्या नावाने मामाला 'अर्जंट पाच हजार पाठवा' असा मेसेजही जाऊ शकतो. मामा तुमचं नाव बघून पाठवणारच. त्यापेक्षा फाईल स्वतःला मेल करा किंवा पेनड्राईव्हवर न्या. पेनड्राईव्ह लावण्याआधी आणि घरी आल्यावर अँटीव्हायरसने तपासून घ्या.

*डाउनलोड केलेल्या फाईल:* आधार, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, जे जे उघडलं ते 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहतं. डाउनलोड केलेल्या आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. ओळखीच्या माणसाला तो शोधायला कितीसा वेळ लागणार?

या सगळ्यावर पहिला उपाय म्हणजे सुरुवातीलाच 'इनकॉग्निटो' खिडकी उघडणं. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबली की ती उघडते. या खिडक्या बंद केल्या की त्यातली हिस्ट्री आणि लॉगिन पुसलं जातं. पण डाउनलोड केलेली फाईल तिथेच राहते, ती आपल्यालाच काढावी लागते.

उठण्याआधीच्या सहा गोष्टी

१. जिथे जिथे लॉगिन केलं, तिथून लॉगआउट करा. नुसता टॅब बंद करू नका.
२. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल, तर ते लॉगआउट झालं का ते आपल्या फोनवर बघा.
३. 'डाउनलोड्स' आणि 'डेस्कटॉप'वरच्या आपल्या फाईल निवडा, शिफ्ट दाबून धरा आणि डिलीट दाबा. नुसतं डिलीट केलं तर फाईल 'रिसायकल बिन'मध्ये जाते आणि तिथून परत काढता येते.
४. साधी खिडकी वापरली असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून ब्राउझरची हिस्ट्री पुसा.
५. पेनड्राईव्ह, प्रिंटरवरची प्रिंट, झेरॉक्सच्या काचेखालचा मूळ कागद आणि चुकलेल्या प्रिंट उचला. चुकलेली प्रिंट तिथल्या टोपलीत टाकू नका.
६. रजिस्टरमध्ये उठण्याची वेळ लिहा.

यासाठी पाच मिनिटं राखून ठेवा. अर्ध्या तासाची वेळ मिळाली असेल, तर काम पंचवीस मिनिटांचं धरा.

घरी आल्यावर आठवलं तर?

घाबरू नका. आपल्या फोनवरूनही लॉगआउट करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबून 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा, तिथे दिसणारा कॉम्प्युटर निवडून लॉगआउट करा. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षा' या भागात तुमचं खातं कुठे कुठे उघडं आहे त्याची यादी दिसते. अनोळखी कॉम्प्युटर तिथून काढा आणि पासवर्ड बदला.

टाइप करता येत नाही म्हणून पासवर्ड दुसऱ्याने टाकून दिला असेल, तर तो माणूस कितीही भला असला तरी घरी आल्यावर पासवर्ड बदला. ओटीपी मात्र शक्यतो स्वतःच टाका.

पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. जेवढ्या लवकर कळवाल, तेवढी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. त्याबरोबर बँकेलाही कळवा.

हे चालणार नाही

अश्लील मजकूर किंवा व्हिडिओ पाठवणं, टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीसाठी वापरला तर कलम ६६क लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आधीच्या माणसाचं खातं उघडं दिसलं, तर वाचत बसू नका. लॉगआउट करून टाका, नाहीतर ग्रंथपालांना सांगा.

सिनेमे डाउनलोड करणं, गेम खेळणं हेही टाळा. एकाने मोठी फाईल उतरवायला लावली की सगळ्यांचं नेट रखडतं, आणि शेजारच्या मुलीचा फॉर्म शेवटच्या दिवशी अडकतो.

ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी

ब्राउझर बंद केला की सगळं आपोआप पुसलं जाईल, अशी सेटिंग एकदा करून ठेवली तर निम्मी काळजी मिटते. वाचकांसाठी वेगळं साधं खातं ठेवा, त्यातून नवे प्रोग्रॅम टाकता येऊ नयेत. वर्गणीदारांची नावं-पत्ते असलेला कार्यालयाचा कॉम्प्युटर वाचकांना देऊ नका. रजिस्टर टेबलावर उघडं ठेवू नका, त्यात मुलींचे मोबाईल नंबर असतात. आणि वरच्या सहा गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक स्क्रीनशेजारी चिकटवा.

फॉर्मशिवायही बरंच आहे

कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा त्याचा वेगळाही उपयोग करा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीवर शाळेपासून कॉलेजपर्यंतचा अभ्यास आहे, त्यालाही पैसे लागत नाहीत. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या साईटवरच आहेत, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे हे कॉम्प्युटर आपल्याच पैशाचे आहेत. आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात सोय आहे का, किती वेळ मिळते, एकदा जाऊन विचारा. आणि घरातलं कोणी फॉर्म भरायला निघालं असेल, तर त्या सहा गोष्टी आधी त्यांच्या मोबाईलवर पाठवा.