पन्नास न्यूटनचा हिशेब

कयाक उलटल्यावर वल्हवणाऱ्याला पाण्यावर धरून ठेवतो तो त्याच्या छाती-पाठीभोवतीचा पाचेक लिटर फोम. हा फोम शिवलेल्या बिनबाह्यांच्या जॅकेटाला ‘बॉयन्सी एड’ म्हणतात. आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागानुसार ७० किलोपेक्षा जास्त वजनाच्या प्रौढासाठी त्याला किमान ५० न्यूटन प्लावक बल द्यावे लागते, म्हणजे साधारण ५ किलोचा भार तोलावा लागतो. हलक्या माणसांसाठी ही अट थोडी शिथिल आहे. याच मानकात १००, १५० आणि २७५ न्यूटनच्या लाइफ जॅकेटांचेही वर्ग आहेत. तरीही कयाक चालवणारे जाणूनबुजून सर्वांत कमी बलाचा वर्ग निवडतात, आणि ते योग्यच आहे.

माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळची. छाती भरून श्वास घेतला की बहुतेक माणसे जेमतेम तरंगतात आणि श्वास सोडला की खाली जाऊ लागतात. पण नुसते तरंगून भागत नाही, नाक-तोंड पाण्याबाहेर राहायला हवे. शरीराचा जो भाग बाहेर येतो, त्याचा भार पाणी पेलत नाही. तो पेलायला बहुतेक प्रौढांना ३ ते ५ किलोचा जादा आधार पुरतो. ५० न्यूटनचा आकडा त्याच्याशी जुळतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे ७० लिटर आकारमानाच्या शरीराला समुद्रात आणखी पावणेदोन किलोचा आधार आपोआप मिळतो. तेच जॅकेट घातलेला माणूस कुंडलिका नदीपेक्षा तारकर्लीच्या समुद्रात थोडा वर तरंगतो.

१०० न्यूटन आणि त्यापुढच्या लाइफ जॅकेटांमध्ये छातीवर भरपूर फोम आणि मानेमागे कॉलर असते. बेशुद्ध माणूस पालथा पडला तरी त्याला उताणा करावे, हा त्यामागचा हेतू. बॉयन्सी एड हे करत नाही. ते घालणारा शुद्धीवर आहे, त्याला पोहता येते आणि मदत जवळ आहे, असे गृहीत धरलेले असते. पोहता न येणाऱ्याने म्हणूनच १०० न्यूटनचे जॅकेट घ्यावे. कयाकमध्ये मात्र प्रत्येक फटक्याला कमरेपासून वरचे अंग वळते आणि उलटलेली कयाक वल्ह्याने पुन्हा सरळ करायची असते. बाहेर पडावे लागलेच, तर पोटावर सरपटत परत चढायचे असते. तिथे छातीवरचा जाड फोम आणि कॉलर आड येतात.

नदीतल्या खळाळत्या पाण्यात प्रश्न निराळा होतो. फेसात हवा मिसळलेली असते, म्हणून त्याची घनता कमी. पाण्यात चौथा हिस्सा हवा असेल तर प्लावक बलही चौथ्या हिस्स्याने घटते. ७० लिटरच्या शरीराचा जवळजवळ साडेसतरा किलोचा आधार नाहीसा होतो. पाच किलोचा आधार देणारे जॅकेट ही तूट भरून काढू शकत नाही. माणूस फेसाखालच्या घट्ट पाण्यापर्यंत खाली जातो आणि पुढे कुठेतरी वर येतो. बंधाऱ्याच्या किंवा मोठ्या खडकाच्या पायथ्याशी पृष्ठभागावरचे पाणी उलट दिशेला फिरते, तिथे सुटकेचा प्रवाह बहुधा तळाजवळ असतो. फार तरंगणारे जॅकेट अशा ठिकाणी माणसाला त्याच फेऱ्यात अडकवून ठेवू शकते. याउलट ऋषिकेशच्या गंगेसारख्या प्रचंड पाण्याच्या नदीत लाटा लांबच लांब आणि पोहण्याचे अंतर मोठे, म्हणून तिथे ७० न्यूटन किंवा त्याहून अधिक बल असलेले जॅकेट बरे. हिमालयातले बर्फाळ पाणी अंगावर आले की पहिली एक-दोन मिनिटे श्वास आवरत नाही, धापा लागतात. नेमक्या त्या वेळी जॅकेट कयाकच्या मागे बांधलेले असेल तर त्याचा उपयोग शून्य.

नदीच्या जॅकेटाची बाहेरची बाजू शक्य तितकी सपाट असावी. लोंबते पट्टे आणि फुगीर खिसे फांद्यांत अडकतात. काही जॅकेटांना छातीवर झटक्यात सुटणारा बचाव-पट्टा असतो. दोर पाठीमागच्या कडीला लावून बुडणाऱ्यापर्यंत पोहता येते आणि दोर अडकला तर पट्टा सोडून मोकळे होता येते. प्रशिक्षण न घेतलेल्याच्या अंगावर हीच सोय धोक्याची ठरते, म्हणून नवशिक्याने या जॅकेटासाठी पैसे घालू नयेत.

समुद्रात किनारा दूर असतो आणि तास लांबतात. तिथे खिसे हवेत: व्हीएचएफ रेडिओ, संकटसूचक दिवा, पाण्याची पिशवी यांच्यासाठी. शिट्टी तर हवीच. बसण्याच्या जागेवर ताणून लावायच्या पाणीरोधक झाकणावर जॅकेटाची खालची कड चढू नये, म्हणून लांबीला आखूड जॅकेट सोयीचे. उंच पाठीच्या आसनाच्या कयाकवर जॅकेटाचा पाठीमागचा फोम आसनाच्या वरच्या कडेच्याही वर सुरू व्हायला हवा. रंग भडक पिवळा, नारिंगी किंवा लाल घ्यावा. लाटांमध्ये पाण्याबाहेर दिसते ते डोके आणि खांदे, आणि निळे किंवा काळे जॅकेट काही अंतरावर पाण्यातच मिसळून जाते.

एवढे सगळे जमले तरी माप चुकले तर सारे व्यर्थ. पट्टे आवळून दुसऱ्या कुणाला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. मग कयाकमध्ये बसून हात पुढे-मागे फिरवून पाहावेत, कारण काखेत घासणारे जॅकेट दोन तासांत कातडी सोलते. स्त्रियांसाठी छातीच्या आकाराप्रमाणे बेतलेले फोमचे तुकडे असलेली जॅकेटे मिळतात. मुलांसाठी जॅकेट कधीही वाढत्या अंगाचे घेऊ नये. सैल जॅकेट पाण्यात वर जाते आणि मूल खालून निसटते. लहान मुलाला कॉलर आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेले १०० न्यूटनचेच जॅकेट हवे.

फुगवण्याची जॅकेटे हलकी आणि सुटसुटीत, पण नदीच्या खडकांवर ती फाटू शकतात आणि आपोआप फुगणारी जॅकेटे नुसत्या शिंतोड्यांनीही फुगू शकतात. नदीसाठी ती नकोत.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात बुचाच्या जॅकेटांऐवजी कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, भरलेली जॅकेटे आली. त्यांची जागा आता बंद पोकळ्यांच्या प्लॅस्टिक फोमने घेतली आहे. हा फोम पाणी शोषत नाही, पण वर्षानुवर्षांच्या दाबाने आणि उन्हाने चपटा पडतो. म्हणून जॅकेटावर बसू नये, समुद्रातून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. दर मोसमाआधी त्याला ५ किलोचे लोखंडी वजन बांधून पाण्यात सोडावे. पाण्याखाली त्या लोखंडाचा भार साधारण ४.४ किलोच राहतो, त्यामुळे ५० न्यूटनचे जॅकेट ते सहज तोलून धरते. जे बुडेल ते अंगावर घालू नये.