मुरमाड माळावरची द्राक्षं

तासगावजवळ माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. लहानपणी बेळगावहून मे महिन्याच्या सुट्टीत तिथं गेलं की वेलीवर द्राक्षं कधीच नसायची. नुकतीच छाटणी झालेली असायची, ओलांड्यांवर कोवळी फूट दिसायची आणि घरात बेदाण्याची पोती. त्या बागेच्या वरच्या अंगाला आईच्या वाट्याची दोन एकर जमीन आहे. मुरूम, दगड आणि कुसळं. हुलगा पेरायचा, पाऊस झाला तर काढायचा.

गेल्या दिवाळीत ही जमीन विकून टाकावी अशी गोष्ट निघाली. मी नुकतंच अकलूजच्या फ्रतेल्ली वायनरीबद्दल वाचलं होतं, त्या भरात बोलून गेलो, "मामा, इथं वाईनची द्राक्षं लावली तर?"

मामा हसले नाहीत. म्हणाले, "वाईनला अशीच जमीन लागते म्हणे. पण का लागते, ते तू आधी शोध. मग बोलू."

मग शोधलं. त्यातलं जे समजलं ते इथं लिहितोय. वाईन घरात आणावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. हा लेख जमिनीबद्दल आहे.

अकलूज म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो. नीरेच्या कालव्याचं पाणी, काळी जमीन, साखर कारखाने. पण त्याच माळशिरस तालुक्यात कालव्यापासून दूर गेलं की माळ लागतो. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव या ठिकाणी मिळून सुमारे 240 एकरांवर फ्रतेल्लीच्या बागा आहेत. इटालियन भाषेत 'फ्रतेल्ली' म्हणजे भाऊ. 2007 च्या सुमारास भावांच्या तीन जोड्या यासाठी एकत्र आल्या: अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि इटलीचे अलेस्सिओ आणि अँड्रिया सेक्की. सातवे पिएरो मासी, टस्कनीतले अनुभवी वाईन बनवणारे. त्यांच्या एका रेड वाईनचं नावच 'सेत्ते' आहे, म्हणजे सात.

आता जमीन. मान्सूनचे ढग सह्याद्रीला अडतात. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या माळशिरस भागात तो साधारण 500 मिमीवर येतो, म्हणजे दहावा हिस्सा. बाकी पिकांना हा शाप. द्राक्षाला मात्र कोरडी हवा मानवते, कारण डावणी आणि करपा हे त्याचे मोठे शत्रू ओलाव्यावर जगतात.

त्यात मुरूम. काळी जमीन पाणी धरून ठेवते, वेल माजते, शेंडे वाढत राहतात आणि पानांची गर्दी होते. मुरमात पाणी झिरपून जातं, नत्रही कमी असतं. ठिबकनं पाणी किती द्यायचं, ते माणूस ठरवू शकतो. थोडा ताण बसला की वेल शेंडा वाढवायचं थांबवते आणि ताकद घडाकडं वळवते. मणी बारीक राहतो. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून. मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. तिथंच वाईन दाट होते.

मामांच्या बागेत नेमकं उलटं चालतं. खाण्याच्या थॉमसनला मणी फुगवण्यासाठी जीए देतात. साल पातळ हवी, बी नको, आणि एकरी दहा-बारा टन निघाले तर वर्ष चांगलं. चांगल्या वाईनसाठी मात्र एकरी चार-पाच टनांच्या आतच थांबतात, जास्तीचे घड काढूनही टाकतात. मामांना हे फोनवर सांगितलं तर पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही.

वाईनवाले 'तेर्वार' हा फ्रेंच शब्द वापरतात. त्यात माती, उतार, पाऊस, ऊन आणि तिथली माणसं असं सगळं आलं. बाटलीवर 'मातीतल्या खनिजांची चव' असं काही वाचलं की मला खरंच वाटायचं, की दगड विरघळून द्राक्षात येत असतील. शास्त्रज्ञ तसं मानत नाहीत. माती चव थेट पाठवत नाही. ती पाणी किती द्यायचं आणि मुळं किती गरम ठेवायची ते ठरवते, आणि वेल त्याला उत्तर देते.

दुसरी गोष्ट हंगामाची. युरोपात थंडीत वेल झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोड होते. आपल्याकडं तिला झोपवण्याइतकी थंडी पडत नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नवीन काडी तयार होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यातून घड. वाईनची द्राक्षं जानेवारीअखेर ते मार्चमध्ये तोडणीला येतात. माझ्या बालपणातल्या त्या बिनफळांच्या मे महिन्याचं कारण मला आत्ता कळलं.

यात एक पेच आहे. टस्कनीत तोडणी जवळ येते तशी हवा गार होत जाते. आपल्याकडं फेब्रुवारीनंतर ऊन वाढत जातं. साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. खाण्याच्या द्राक्षाला 18 ब्रिक्स पुरतं, लाल वाईनला 23-24 लागतं, कारण 24 ब्रिक्समधून साधारण 13 टक्के अल्कोहोल तयार होतं. पण नुसती साखर असून आंबटपणा नसेल तर वाईन सपक लागते. म्हणून रात्रीचा गारवा महत्त्वाचा. तो आंबटपणा टिकवतो. उष्ण भागात तोडणीही पहाटे करतात, म्हणजे माल गार असतानाच कारखान्यात पोचतो.

सांजोव्हेसे हे टस्कनीचं, किआंतीचं द्राक्ष. ते तिथं उशिरा पिकतं, आणि शरदातला पाऊस आधी येतो की काय ही तिथल्या शेतकऱ्याची काळजी. तेच द्राक्ष अकलूजच्या माळावर आलं. इथं फेब्रुवारीत पावसाची भीती फार नाही, भीती उन्हाची. पीक तेच, घोर वेगळा. त्यामुळं तिथली वाईन बनवण्याची पद्धत इथं जशीच्या तशी चालत नाही. तोडणीची तारीखसुद्धा याच माळावर उभं राहून ठरवावी लागते.

हे सगळं मी मामांना सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "एकरी चार टन म्हणतोस. घेणार कोण आणि दर काय?"

याचं उत्तर मातीत नव्हतं. वाईनची द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत. बारीक, बियांची, जाड सालीची द्राक्षं खायला कुणी घेत नाही आणि बेदाण्यालाही चालत नाहीत. 2008 च्या मंदीनंतर वाईनची मागणी घसरली, तेव्हा नाशिक भागात कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या. लावल्यावर धड पीक यायला तीन वर्षं, उपटायला एक दिवस. अकलूजच्या भावांकडं जमीन होती, भांडवल होतं, जाणता माणूस होता आणि थांबायची ऐपत होती. माळ चांगला होता हे खरं, पण कमी पिकवणं परवडायला मागं असं काहीतरी लागतं.

म्हणून आम्ही वाईनची द्राक्षं लावणार नाही, निदान लेखी करार हातात आल्याशिवाय नाही. पण एक झालं. जमीन विकायची बोलणी थांबली. मामांनी उन्हाळ्यात वरच्या अंगाला चार फूट खोल खड्डा घ्यायला सांगितलाय, दोन ठिकाणी. मुरूम किती खोल आहे, खाली पाषाण आहे की चुनखडी, ते बघायला. मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला मी नेणार आहे.

आईनं विचारलं, "आत्तापर्यंत कुणी बघितलंच नव्हतं का?"

नव्हतं. हुलगा पेरण्यापुरतीच ती आमची जमीन होती.