पत्ता नरसीचा, नकाशात मुंबई

परतवारी एकादशीला हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला दर्शनाची रांग लागते आणि रांगेतल्या बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो. त्यातल्या कुणी आपला आयपी पत्ता, म्हणजे जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, शोधला, तर आकड्यांखाली हिंगोलीऐवजी मुंबई किंवा नागपूर दिसू शकतं. लगेच शंका येते, फोन हॅक झाला की काय? तसं काही नसतं. आयपी पत्ते गावाला मिळत नाहीत, नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीला मिळतात. वेबसाइट दाखवते ते शहर म्हणजे कंपनीच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज.

हे पत्ते दिल्लीतलं एखादं खातं वाटतं, हाही समज पक्का आहे. खरं तर जगाचा साठा आयाना या संस्थेकडे, आशिया-प्रशांत भागाचा ब्रिस्बेनच्या एपनिक या संस्थेकडे, आणि भारतातलं वाटप २०१२ पासून निक्सी या ना-नफा कंपनीच्या नोंदणी विभागाकडे आहे. वाटपाचे नियम एपनिकच्या खुल्या बैठकांत ठरतात. प्रस्ताव कुणीही मांडू शकतो आणि तो सर्वसंमती झाली तरच पुढे सरकतो.

‘पैसे भरले की पत्ते आपले’ हेही अर्धंच खरं. सातबाऱ्यावर नाव चढावं तशी ही मालकी नसते. वापराचा हक्क मिळतो, दरवर्षी शुल्क भरावं लागतं आणि मागताना गरज दाखवावी लागते. पत्ते दुसऱ्या कंपनीला देता येतात, पण नोंदणी संस्थेच्या मंजुरीने. हा गरजेचा दंडक सुरुवातीला मात्र फारच सैल होता. अमेरिकेतल्या एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाख पत्ते होते. त्यातले बरेचसे तिने २०१७ मध्ये ॲमेझॉनला विकले. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला काय उरलं ते पाहिलं, की हा आकडा डोळ्यांत खुपतो.

जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाने शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागांना एकेक वाटले. एपनिकला १०३ ने सुरू होणारा गठ्ठा मिळाला. पत्ते संपले, आता नव्याला काहीच नाही, असं तेव्हापासून सांगितलं जातं. पण नव्यांनाही वाटा मिळावा म्हणून एपनिकने तो गठ्ठा राखून ठेवला. आधी प्रत्येकी जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत, २०१९ पासून ५१२. तालुक्याच्या गावात परवाना काढून फायबर टाकणाऱ्यालाही ते मागता येतात. अनेक लहान ऑपरेटर मात्र ज्या मोठ्या कंपनीकडून जोडणी घेतात तिचेच पत्ते वापरतात आणि कंपनी बदलली की त्यांना सगळं नव्याने मांडावं लागतं.

५१२ पत्त्यांवर हजारो घरं कशी चालतात? एकच पत्ता अनेकांत वाटून. त्याचा फटका असा बसतो: दुकानदार सीसीटीव्हीचा डीव्हीआर लावतो, पोर्ट फॉरवर्ड करतो, तरी कॅमेरा बाहेरून दिसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो सामायिक जोडणीचा आतला पत्ता आहे आणि बाहेरून थेट तिथवर पोचता येत नाही. राउटर खराब नाही. म्हणूनच ‘स्टॅटिक आयपी’चे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, वेगळे पैसे सांगतात. आयपीवरून माणूस लगेच सापडतो ही समजूतही इथेच ढासळते. तपास करणाऱ्यांना पत्त्यासोबत नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक लागतो, नाहीतर एका पत्त्यामागे पन्नास घरं निघतील.

आयपीच्या नव्या, सहाव्या आवृत्तीत (आयपीव्ही६) पत्त्यांची ही ओढाताण नाही. लहान ऑपरेटरलाही जो किमान गठ्ठा मिळतो, त्यातून तो ६५,५३६ ग्राहकांना प्रत्येकी एक अख्खं नेटवर्क देऊ शकतो. तिच्यामुळे इंटरनेट आपोआप वेगवान होतं, हा आणखी एक गैरसमज. वेग जोडणीवर ठरतो. मोबाइल कंपन्यांनी ती भारतात मोठ्या प्रमाणावर आणली आहे, त्यामुळे ती आज अनेकांच्या खिशात नकळत चालू असते. अडतं ते जुन्या राउटरवर आणि स्वस्त डीव्हीआरवर. नवा राउटर किंवा डीव्हीआर घेताना ‘आयपीव्ही६ चालतं का?’ एवढं दुकानदाराला विचारा.